पागे सरांची गुंजेची वेल

नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत पागे सरांच्या भिंतीवर गुंजेची वेल अजून आहे. थंडीत ती हिरव्या शेंगांनी लगडते; त्या वाळू दिल्या तर उकलतील आणि आतल्या लाल गुंजा काळे डोळे उघडून रस्त्याकडे बघत बसतील. नवीन राहायला आलेली मंडळी थांबून फोटो काढतात. मला ती वेल बघवत नाही, आणि तिच्यापासून माझी सुटकाही नाही. सरांनीच तशी व्यवस्था करून ठेवली आहे.

सर म्हणजे प्राध्यापक मुकुंद पागे. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी केमिस्ट्रीची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून नगरहून उज्जैनला आले आणि इथल्या कॉलेजात लागले, तेव्हा स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे ते एकटेच होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि पुढे कधीही त्यांनी ते वापरलं नाही. "काय केमिस्ट्री, एकट्याच चहा पिऊन राहिल्या का?" अशी हाक यायची. फिजिक्सच्या तिवारींना ते 'फिजिक्स' म्हणायचे आणि प्राचार्यांना, तेही तोंडावर, 'फाइल'. कुणाला राग येत नसे. आपलं नाव या माणसाला पाठ आहे आणि तरी तो मुद्दाम घेत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्यांचे पूर्वज म्हणे शिंद्यांच्या पागेवर होते. सरांच्या वाट्याला घोडा म्हणून एक जुनी स्कूटर आली होती आणि तीसुद्धा लाथा खाल्ल्याशिवाय चालू व्हायची नाही. दात पन्नाशीतच गेले. कवळी बसवली, पण ती त्यांच्या तोंडापेक्षा खिशात जास्त राहिली. डाव्या खिशात रुमालात गुंडाळलेली कवळी आणि उजव्या खिशात पितळेची डबी. डबीत बिया. चिंचोके, सागरगोटे, तुळशीचे मणी आणि गुंजा. लेक्चर सुरू करताना आधी डावा खिसा, मग उजवा. कधी गडबडीत कवळी टेबलावर ठेवली जायची आणि पोरं फिदीफिदी हसायची. सर शांतपणे ती तोंडात बसवायचे आणि म्हणायचे, "हँसो बेटा, ये भी एक दिन तुम्हारी जेब में होगी."

त्यांचं एक लेक्चर ऐकायला आर्ट्सची पोरंसुद्धा मागच्या बाकांवर येऊन बसत. पेशी प्रथिनं कशी बनवते, याचं. सर रिटायर झाले तरी दर हिवाळ्यात त्या एका तासासाठी कॉलेज त्यांना बोलवायचं, आणि मी माझा तास सोडून तिथे जाऊन बसायचे.

वर्गातलं लोखंडी कपाट म्हणजे पेशीचं केंद्रक. आत एक जाड बाड. "ये है मूल पोथी. डीएनए. सब कुछ इसमें लिखा है, पर ये अलमारी के बाहर नहीं जाएगी. कभी नहीं." एका मुलीने कपाटाशी उभं राहून पोथीतला हवा तेवढाच भाग चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा. ती चिठ्ठी दुसऱ्याने बाहेर टेबलाशी न्यायची. टेबलाशी आचारी. हा म्हणजे रायबोसोम. त्याने चिठ्ठीतली तीन तीन अक्षरं वाचायची आणि ओरडायचं. तीन अक्षरांना एक जिन्नस. कुणी चिंचोका आणायचं, कुणी सागरगोटा, कुणी गुंज, आणि आचाऱ्याने त्या बिया एकीला एक लावून ठेवायच्या. रांग पुरी झाली की सर म्हणत, "बन गया प्रोटीन," आणि चिठ्ठी टराटरा फाडून टाकत. "चिट्ठी का काम ख़तम, चिट्ठी ख़तम. पोथी सलामत."

इथवर सगळं हसतखेळत चालायचं. मग सर आचारी झालेल्या पोराच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि त्याची दोन्ही कोपरं घट्ट धरायचे.

"अब चिट्ठियाँ आ रही हैं. सामान आ रहा है. पर रसोइये का हाथ नहीं चल रहा. बताओ, घर कब गिरेगा?"

"अभी, सर!" पोरं ओरडायची.

"नहीं. आज की पंगत तो हो चुकी है. सब खा-पीकर मजे में हैं. जो कल बना था, वही आज चल रहा है. पता कल चलेगा."

आणि मग डबीतली एक गुंज दोन बोटांत धरून वर दाखवायचे. या बीच्या आतलं विष हेच करतं. एका आचाऱ्याला बसवतं, मग पुढच्याकडे जातं, त्याला बसवतं, मग त्याच्या पुढच्याकडे. गंमत म्हणजे ते विष हेसुद्धा एक प्रथिनच. वेलीने आपल्याच भटारखान्यात रांधलेलं आणि दुसऱ्याचा भटारखाना बंद पाडणारं. अख्खी गुंज कवचात गप्प बसते. फुटली की मात्र तिच्यासारखी वैरीण नाही. ज्या वर्षी मी हे पहिल्यांदा पाहिलं त्या वर्षी आचारी झालेला पोरगा सोलंकी नावाचा होता. गुबगुबीत, हसरा. सरांनी कोपरं सोडली तरी तो हात हलवीना. सगळा वर्ग हसला, तो हसला नाही.

गुंजेचा सरांनी धसकाच घेतला होता म्हणा ना. एकदा टावर चौकात फुटपाथवर एक बाई गुंजांच्या माळा विकायला बसली होती. नजर लागू नये म्हणून लोक लहान पोरांच्या गळ्यात घालतात. सरांनी स्कूटर तिथेच आडवी लावली. मागे हॉर्न वाजताहेत, आणि हे तिला समजावताहेत, "बाई, बच्चा चबा लेगा तो?" बाई म्हणाली, "बाबूजी, लेना हो तो लो, नहीं तो धूप छोड़ो." सरांनी सगळ्या माळा विकत घेतल्या आणि घरी नेऊन परसात खोल पुरून टाकल्या. पुढच्या आठवड्यात ती बाई त्याच जागी दुप्पट माळा घेऊन बसलेली. माल खपतो म्हटल्यावर ती तरी काय करणार? मी हसून हसून बेजार झाले. सर हसले नाहीत. म्हणाले, "केमिस्ट्री, अपन जितकं गाडू तितकं ते उगवून राहिलं आहे."

मग हीच वेल यांच्या स्वतःच्या भिंतीवर कशी? मी विचारलं होतं. त्याचं कारण अक्का. अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. सरांची आई लवकर गेली, तिने त्यांना वाढवलं, लग्न केलं नाही, आणि शेवटपर्यंत ती त्यांच्याकडेच होती. पागे घराण्यात पंगतीनंतर विडा हवाच आणि विड्यात गुंजेचा पाला हवाच. तो गोड असतो, ज्येष्ठमधासारखा. गाणारी माणसं गळ्यासाठी चघळतात. उज्जैनच्या बाजारात मिळणाऱ्या पाल्यावर अक्कांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या हाताने वेल लावली. सर अक्कांना कधीही नाही म्हणाले नाहीत. उलट मला भिंतीशी नेऊन कौतुकाने सांगायचे, "पानाच्या पेशीत आणि बीच्या पेशीत पोथी एकच. अक्षराचाही फरक नाही. पण पान एक अध्याय वाचतं नि गोड होतं, बी दुसरा वाचते नि जहर होते. माणसाचंही तसंच असावं, नाही?" मी म्हटलं, सर, माणसाचं राहू द्या, शेंगांचं बघा. ते बघतच असत. त्यांचा नियम होता. शेंग हिरवी असतानाच तोडायची, एकही वाळू द्यायची नाही, आणि आधी शेंगा गेल्याशिवाय उषावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाल्याला हात लावायचा नाही. शिडीवर चढून ते स्वतः तोडायचे. इतकी वर्षं त्यात कधी चूक झाली नाही.

त्या हिवाळ्यात सरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, चढायचं नाही, धुळीत जायचं नाही असं बजावलं. उषावहिनींनी शिडीच कुलपात टाकली. आणि त्याच सुमारास अक्कांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. घरात आनंदीआनंद. फ्रीगंजातले, इंदूरचे सगळे नातेवाईक, आणि आम्ही शेजारी. सरांना नव्या डोळ्याने जग धुतल्यासारखं लख्ख दिसत होतं. ते येईल त्याला सांगत होते, "अरे, आपल्या घराच्या भिंती पिवळ्या आहेत, मला इतके दिवस कुणी सांगितलंच नाही!" शेंगा वाळल्या होत्या. त्या दिवशी ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. वहिनींनी आदल्या दिवशी पाला तोडून वेलीखालीच सुपात सावलीला पसरून ठेवला होता.

जेवण झालं. पुरणपोळी, कटाची आमटी, आणि उज्जैनचं घर म्हणून शेवटी जिलबीसुद्धा. दात असलेल्यांना पट्टीचे विडे. अक्का आणि सर या दोघांसाठी मात्र नेहमीप्रमाणे कुटलेला विडा. वहिनी खलबत्ता घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या. कुटता कुटता म्हणाल्या, "आज सुपारी बाई भारीच कडक निघाली." काताने सगळं लालभडक झालेलं. त्यांनी दोन वाट्यांत तो विडा काढला आणि बहीणभावांपुढे ठेवला.

अक्कांनी वाटी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "मुकुंदा, माझाही तूच घे रे. मला आज गोड फार झालंय."

"तुझ्या दिवशी तुझा विडा मी खाऊ?"

"लहानपणी माझ्या पानातलं ओढून खायचास तेव्हा नाही विचारलंस ते!" सगळे हसले. सरांनी तिचीही वाटी संपवली.

भांडी आवरायला मी वहिनींना मदत करत होते. खलबत्ता धुताना तळाशी बोटाला काहीतरी लागलं. नखाएवढं कवच. अर्धं लाल, कडेला काळं. फुटलेलं. मी ते मुठीत धरलं आणि तशीच ओल्या हाताने बाहेर व्हरांड्यात गेले. सर एकटेच आरामखुर्चीत बसून भिंतीचा पिवळा रंग बघत होते. मी मूठ उघडली.

त्यांनी ते कवच उचललं, नव्या डोळ्याजवळ नेलं. चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "अक्काने अजिबात नाही ना खाल्लं?"

"नाही. तुम्हीच खाल्लात सगळं."

"मग बस." त्यांनी मोठा श्वास सोडला. खरंच हायसं वाटलं त्यांना. मला रडू फुटणार होतं, आणि हे सुटकेचा श्वास सोडताहेत. मग म्हणाले, "उषाला दाखवलं का?"

"नाही."

"आता दाखवू नका. कधीच नाही." आणि ते कवच उजव्या खिशातल्या डबीत गेलं. "तुमच्या यजमानांना गाडी काढायला सांगा. अस्पतालात जायचं. घरात सांगू, डोळ्याला टोचून राहिलं आहे म्हणून."

गाडीत माझा नवरा सारखा म्हणत होता, सर, काही होणार नाही, तुम्हाला काही त्रासच नाहीये. सरांनी फक्त मान हलवली. त्रास नव्हता हे खरंच होतं. तेच तर भयंकर होतं.

हॉस्पिटलात ड्यूटीवर जो डॉक्टर आला, तो सोलंकी. तोच गुबगुबीत, आता चष्मा लागलेला. तो सरांच्या पाया पडला. "क्या हुआ, सर?"

"अभी कुछ नहीं हुआ है, बेटा. होने वाला है." सरांनी डबी काढून त्याच्या तळहातावर ते कवच ठेवलं.

तो आधी उसनं हसला. बीपी बघितलं, नाडी बघितली. "सर, आप तो बिलकुल ठीक हैं."

"आज की पंगत हो चुकी है, सोलंकी."

सोलंकीचं हसू तिथल्या तिथे मावळलं. वर्गात हात हलवेनासा झालेला तो पोरगा मला त्याच्या चेहऱ्यात पुन्हा दिसला. मग मात्र त्याने क्षणही फुकट घालवला नाही. पोट धुतलं, सलाईन लावलं, भोपाळ, इंदूर, मिळेल तिथे फोन लावले. बाहेर येऊन मला म्हणाला, "मैडम, इसका तोड़ नहीं है. शरीर को सहारा दे सकते हैं बस. बहुत लोग बच भी जाते हैं." पण सरांचं वय आणि आधीच अर्धी निकामी झालेली मूत्रपिंडं त्याच्या कागदावर होती. तो माझ्या डोळ्यांना डोळा देत नव्हता. घरच्यांना गुंजेचं सांगायचं नाही, असं सरांनी त्यालाही बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर उठून बसले होते, दाढी केलेली, पेपर मागत होते. वहिनी आल्या तेव्हा मला वाटलं, सोलंकीला उगाच घाबरवलं आपण. दुपारी उलट्या सुरू झाल्या.

वहिनी हबकल्या. "माझ्या हातचं सगळ्यांनी खाल्लं, सगळे ठणठणीत. मग यांनाच कसं?" आणि मग आवाज खाली आणून मला विचारलं, "माझ्या हातून काही गेलं का हो?" मी वळून ग्लासात पाणी ओतायला लागले.

पलंगावरून आवाज आला. "उषा, रागावू नको. कचोरी खाल्ली."

"काय?"

"परवा देवास गेटला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा बाहेर पडलो ना. गाडीवर गरम गरम निघून राहिली होती. दोन खाल्ल्या. तुला सांगितलं नाही."

सर परवा कॉलनीबाहेर पडलेच नव्हते. त्या दिवशी दुपारभर ते माझ्याकडे बसून भिंतींच्या रंगांवर बोलत होते. पण वहिनींच्या तोंडावरची ती कावरीबावरी कळा क्षणात गेली आणि तिथे अस्सल संताप आला. "डॉक्टरांनी बाहेरचं खाऊ नका म्हणून सांगितलं होतं ना? लाज नाही वाटत या वयात चोरून खायला? पोरं बरी तुमच्यापेक्षा!" त्या बोलत राहिल्या. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला ते सोसत नव्हतं.

वहिनी डॉक्टरांना गाठायला बाहेर गेल्या तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता. "केमिस्ट्री, वेल तोडायची नाही. तोडलीत तर उषाला कळेल. शेंगा मात्र हिरव्या असतानाच. दर साल. आता ते काम तुमचं." मी हो म्हटलं. तो हो अजून माझ्या मानेवर बसलेला आहे.

दर हिवाळ्यात मी शिडी घेऊन जाते. वहिनींना वाटतं, मला सरांची आठवण म्हणून हौस आहे. मी उतरले की त्या पाला तोडतात, विडा लावतात आणि मला देतात. मी तो चावते. देवास गेटवरून जायची वेळ आली तर त्या अजूनही रिक्षावाल्याला लांबचा रस्ता धरायला लावतात, आणि त्या बिचाऱ्या कचोरीवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. अक्कांनी मात्र त्या दिवसापासून विड्याला हात लावला नाही. गेल्या तोवर लावला नाही. कारण कुणी विचारलं नाही, मीही नाही. मला विचारायची भीती वाटली.

सर गेले ते चौथ्या दिवशी पहाटे. मी तिथे नव्हते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आदल्या संध्याकाळी, दारातून. नळ्या लागलेल्या, हात सुजलेले, कवळी नसल्यामुळे तोंड खोल गेलेलं. वहिनी स्टुलावर बसून त्यांच्या पायांना हात फिरवत होत्या आणि फिरवता फिरवता रागावत होत्या. "घरी चला एकदा, मग बघते. पुन्हा त्या देवास गेटाचं नाव काढलंत तर खबरदार. धरा कान." सरांनी दोन्ही हात मोठ्या कष्टाने वर नेले आणि वर्गातली पोरं धरतात तसे स्वतःचे कान धरले.

"चुकलो," ते म्हणाले. वहिनींना हसू आलं.